रेझीन प्रतिकृतींची सांधणी

साच्यात ओतून अथवा त्रिमितीय मुद्रणाने घडविलेल्या रेझीनच्या प्रतिकृतीचा तुटलेला भाग आसंजकाने (चिकटद्रव्याने) पूर्ववत बसविण्याची क्रिया. कोल्हापूर येथे तिचा प्रसंग मूर्तिकामात, तसेच उद्यमनगर व शिरोली येथील ओतशाळांना लागणाऱ्या पॅटर्नच्या (वाळूत साचा उमटविण्यासाठीच्या नमुन्याच्या) कामात येतो. खंडित मूर्ती पूजेत न ठेवण्याचा संकेत असल्याने मूर्तीची सांधणी बहुधा शोभेच्या मूर्तींपुरती राहते.

पॉलियुरेथेन, इपॉक्सी व प्रकाशाने दृढ होणारी रेझिने घट्ट झाल्यावर त्यांचे रेणू आडव्या बंधांनी जखडले जातात. त्यामुळे पॉलिस्टायरीन या प्लॅस्टिकचे भाग विरघळवून एकजीव करणारा द्रव येथे निरुपयोगी ठरतो आणि सारी भिस्त सायनोॲक्रिलेट (बाजारातील ‘फेविक्विक’ हे त्यापैकीच) किंवा दोन घटकांच्या इपॉक्सीवर राहते.

सायनोॲक्रिलेटच्या शोधाचे श्रेय कोणाचे, याविषयी एकवाक्यता नाही. प्रचलित वृत्तान्तानुसार कोडॅक कंपनीतील हॅरी कूव्हर यांना १९४२ मध्ये बंदुकीच्या दर्शकासाठी पारदर्शक प्लॅस्टिक शोधताना हे द्रव्य आढळले, पण अतिचिकट म्हणून ते बाजूला पडले. १९५१ मध्ये त्यांचे सहकारी फ्रेड जॉयनर यांनी त्याचा थर वक्रीभवनमापकाच्या दोन लोलकांमध्ये दिला असता लोलक सुटेनात, तेव्हा त्याचा आसंजक म्हणून उपयोग ध्यानी आला. दुसरीकडे, बी. एफ. गुडरिच कंपनीतील ॲलन आर्डिस यांच्या नावे या वर्गातील एकवारिके (मोनोमर) बनविण्याचे १९४९ चे एकस्व (पेटंट) आहे. एकस्वाचा पुरावा आठवणींहून अधिक भरवशाचा मानल्यास द्रव्यनिर्मितीचे श्रेय आर्डिस यांना आणि आसंजक म्हणून उपयोगाचे श्रेय कूव्हर व जॉयनर यांना देणे युक्त दिसते. १९५८ मध्ये ते ‘ईस्टमन ९१०’ या नावाने विक्रीस आले. इपॉक्सीचा उगम १९३० ते १९५० च्या दरम्यानचा असून पाउल श्लाक, प्येर कास्तां व सिल्व्हन ग्रीनली ही नावे त्याच्याशी जोडली जातात.

सांध्याच्या कडा प्रथम साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या कराव्यात, कारण साचा सुटण्यासाठी लावलेल्या सिलिकोनचा अंश राहिल्यास कोणताही आसंजक धरत नाही. तुटलेल्या कडा घासू नयेत. त्यांची खरबरीत वीण एकमेकींत अचूक बसते. सायनोॲक्रिलेटचे बहुवारिकीकरण (रेणू साखळीने जोडले जाऊन घट्ट होणे) पृष्ठभागावरील ओलाव्याने सुरू होत असल्याने पातळ थर लवकर व जाड थर सावकाश घट्ट होतो. पावसाळ्यातील दमट हवेत पकड झटपट येते, परंतु बाष्पामुळे सांध्याभोवती पांढुरकी छटा उमटण्याचा संभवही वाढतो. खाण्याचा सोडा शिंपडल्यास फट भरून द्रव तत्काळ दगडासारखा होतो, मात्र नंतर तो घासणे कठीण जाते. मुद्रित प्रतिकृतीसाठी ती ज्यातून घडविली तेच द्रव रेझीन लावून अतिनील प्रकाश देता येतो. अपारदर्शक भागात प्रकाश आतवर पोहोचत नसल्याने तेथे ही रीत अपुरी पडते.

सायनोॲक्रिलेटचा सांधा ताण चांगला सोसतो, पण आघाताने तडकतो. म्हणून उगारलेला हात, तलवार यांसारख्या लांब भागांत दोन्ही बाजूंना बारीक छिद्रे पाडून सुमारे १ मिलिमीटर जाडीची पितळी तार बसवितात व सांधा इपॉक्सीने भरतात. पॅटर्नभोवती वाळू ठोकून बसविली जात असल्याने तेथे तार व इपॉक्सीच वापरणे इष्ट. सांध्यातून बाहेर आलेला आसंजक घासून मूळ माप व उतार (पॅटर्न सहज निघावा म्हणून बाजूंना दिलेला कल) पुन्हा तपासावा लागतो, अन्यथा पॅटर्न वाळूतून काढताना साच्याची कड ढासळते.