जर्मन मोटारवाहन संज्ञांचे इंग्रजी भाषांतर

मोटारगाडीचे भाग, मापे व दुरुस्तीच्या कृती यांच्या जर्मन संज्ञा इंग्रजीत नेण्याचे तांत्रिक काम. या संज्ञा बहुधा सामासिक असून भागाचा वर्ग शेवटच्या पदावरून कळतो, म्हणून त्या शेवटाकडून फोडतात. ‘त्सिलिंडरकोप्फडिख्टुंग’मध्ये डिख्टुंग म्हणजे गळती रोखणारा भाग, कोप्फ म्हणजे डोके, मिळून सिलिंडर हेड गॅस्केट. फोड बरोबर आली तरी प्रतिशब्द हाती लागतोच असे नाही. ‘शायबे’ म्हणजे चकती. पण ब्रेम्सशायबे ही ब्रेक डिस्क, उंटरलेगशायबे हा वॉशर, रीमेनशायबे ही पुली आणि विंटशुत्सशायबे ही समोरची काच. ‘श्टॉयर’ (नियंत्रण) हे पद सर्वांत फसवे आहे: श्टॉयरगेरेट म्हणजे कंट्रोल युनिट, पण श्टॉयरकेटे म्हणजे टायमिंग चेन, एंजिनाच्या झडपांची वेळ साधणारी साखळी. खुद्द ‘यूबरझेत्सुंग’ या शब्दाचेही भाषांतर आणि गिअरचे गुणोत्तर असे दोन अर्थ होतात.

‘ओटोमोटोर’ (ठिणगीने पेटणारे एंजिन) या संज्ञेमागचा वाद जुना आहे. निकोलाउस ओटो यांचे चारधावी (फोर-स्ट्रोक) एंजिन १८७६ मध्ये चालले. परंतु फ्रेंच अभियंते आल्फाँस बो द रोशा यांनी चार धावांचे तत्त्व १८६२ मध्येच लिहून ठेवले होते व त्याच आधारावर ओटो यांचे जर्मन पेटंट १८८६ मध्ये रद्द झाले. फ्रेंच लेखनात या चक्राला बो द रोशा यांचे नाव देतात, इंग्रजीत ‘ओटो सायकल’ रूढ आहे. बो द रोशा यांनी असे एंजिन बांधले नव्हते, हे पाहता चक्राला ओटो यांचे नाव राहणे योग्य वाटते. एंजिनाच्या प्रकारासाठी मात्र ‘पेट्रोल एंजिन’ हा प्रतिशब्द अपुरा पडतो, कारण ठिणगीने पेटणारी वायूवरची एंजिनेही जर्मनमध्ये ओटोमोटोरच. तांत्रिक मजकुरात ‘स्पार्क इग्निशन एंजिन’ अधिक ग्राह्य ठरते.

‘वेल्ले’ (शाफ्ट) पीळ (टॉर्क) वाहून नेते, ‘आक्से’ (ॲक्सल) फक्त भार पेलते. पण फोर्डरआक्से म्हणजे पुढच्या चाकांची अख्खी जुळणी, मग ती चाके एंजिनाने फिरवली जात असली तरी. चाकाला फिरवणारी ‘आंट्रीब्सवेल्ले’ ब्रिटिश इंग्रजीत ड्राइव्हशाफ्ट होते. अमेरिकी वाचक मात्र त्या शब्दाने बहुधा गाडीच्या लांबीत जाणारा प्रॉपेलर शाफ्ट समजतो. तेथे हाफ शाफ्ट किंवा ॲक्सल शाफ्ट लिहावे.

दुरुस्ती-पुस्तिकेत चुकीची किंमत मोठी असते. ‘डेनश्राउबे’ हा ताण देऊन लांबवायचा बोल्ट. त्याला ‘एक्स्पान्शन बोल्ट’ म्हटले की भिंतीत ठोकायचा बोल्ट डोळ्यांसमोर येतो. ‘स्ट्रेच बोल्ट’ हे बरोबर. ‘४० न्यूटन-मीटर, ९०° वाइटरड्रेएन’ याचा अर्थ ४० न्यूटन-मीटर पिळापर्यंत आवळून तेथून पुढे आणखी पाव फेरा. ‘आणखी’ गळले तर बोल्ट सैल राहतो व गॅस्केट गळू लागते. ‘गेओल्ट’ (तेल लावलेले) हा शब्द सुटला तरी बिघाड होतो: कोरड्या आट्यांवर तेवढ्याच पिळाने बोल्टमधला ताण कमी भरतो. ‘एर्नॉयर्न’चा शब्दशः अर्थ नवे करणे, तेथे जुना बोल्ट साफ करून बसवायचा नसतो, नवा घालायचा असतो.

आकड्यांत जर्मन स्वल्पविराम दशांशचिन्ह असतो व टिंब हजार वेगळे करते: १,५ म्हणजे दीड, १.५०० म्हणजे पंधराशे. जर्मन ‘पेएस’ (अश्वशक्तीचे एकक) ०.७३५५ किलोवॉट, इंग्रजी हॉर्सपॉवर ०.७४५७, त्यामुळे २०० पेएसचे सुमारे १९७ हॉर्सपॉवर होतात, आकडा जसाच्या तसा उतरवता येत नाही.