‘ला दोन्ना शिम्म्या’: फेरेरीच्या वानरस्त्रीमागची खरी बाई

इटालियन दिग्दर्शक मार्को फेरेरीचा ‘ला दोन्ना शिम्म्या’ (‘वानरस्त्री’) हा चित्रपट 1964 साली आला आणि फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या स्पर्धेतही दाखवला गेला. नेपल्समधला अंतोनिओ फोकाच्या हा पोटासाठी काहीही करणारा इसम. आश्रमाच्या स्वयंपाकघरात त्याला मारिया दिसते. तिच्या अंगभर, चेहऱ्यावरसुद्धा केस. तो तिला आफ्रिकेतून आणलेली वानरस्त्री म्हणून तिकीट लावून दाखवतो आणि ती हातची जाऊ नये म्हणून तिच्याशी लग्न करतो. उगो तोन्यात्सी आणि आनी जिरार्दो यांनी ही जोडी इतकी साधेपणाने रंगवली आहे, की हसू येतं आणि लगेच स्वतःचीच लाज वाटते.

गोष्ट अतिरंजित वाटते, पण तिचा आधार खरा आहे. हुलिया पास्त्राना 1834 च्या सुमारास मेक्सिकोच्या सिनालोआ भागात जन्मली. अंगावर दाट केस, जाड हिरड्या, पुढे आलेला जबडा. हे सारं जन्मजात विकारामुळे. ती गायची, नाचायची, एकाहून अधिक भाषा बोलायची. 1854 पासून अमेरिकेत आणि पुढे युरोपात तिचे खेळ झाले. जाहिरातीत मात्र ती अर्धी माणूस, अर्धी जनावर! डार्विननेही तिची नोंद घेतली.

तिचा व्यवस्थापक थिओडोर लेंट याने तिच्याशी लग्न केलं. त्या काळी अमेरिकेत आणि इंग्लंडमध्ये बायकोची कमाई बहुधा नवऱ्याचीच ठरे, हे लक्षात घेतलं की या लग्नातला व्यवहार दिसतो. 1860 मध्ये मॉस्कोत ती बाळंत झाली. मूल दगावलं, काही दिवसांत तीही गेली. लेंटने दोन्ही देह टिकावेत म्हणून त्यांत मसाला भरून घेतला आणि त्यांचे खेळ सुरू ठेवले. पुढे तशीच केसाळ दुसरी बाई शोधून तिच्याशीही लग्न केलं.

फेरेरी आणि स्पॅनिश पटकथाकार राफाएल आथ्कोना यांनी ही कथा उचलून थेट त्यांच्या स्वतःच्या काळातल्या इटलीत ठेवली, जिथे घटस्फोट 1970 पर्यंत कायद्यात नव्हता. माझ्या मते चित्रपटाची धार इथेच आहे. फोकाच्या हा राक्षस नाही, तो चारचौघांसारखा नवरा आहे. मूळ शेवटात तो मेलेल्या बायकोला आणि मुलाला पुन्हा तंबूत मांडतो. निर्माता कार्लो पोंतीला ते झेपलं नाही. त्याने चित्रपट तिच्या मृत्यूपाशीच थांबवला. फ्रान्ससाठी तर गोड शेवट चित्रित झाला: बाळंतपणानंतर केस गळतात आणि नवऱ्याला कामाला जावं लागतं.

चित्रपट पडद्यावर होता तेव्हा हुलियाचा देह नॉर्वेतल्या एका जत्रावाल्या कुटुंबाच्या मालकीचा होता, 1921 पासून. 1970 च्या दशकात तो पुन्हा फिरवला गेला, मग चोरीला गेला, सापडल्यावर ऑस्लोच्या विद्यापीठात पडून राहिला. मेक्सिकन कलावंत लॉरा अँडरसन बार्बाता यांच्या दीर्घ पाठपुराव्यानंतर फेब्रुवारी 2013 मध्ये सिनालोआत तिचं दफन झालं.