पार्श्वभूमी : 'मिडल' म्हणजे नेमके किती वर्षांचे?

अमेरिकेत सहावी ते आठवीच्या मुलाला अंगावर काटा आणणारी डिस्टोपियन (म्हणजे भयावह, जुलमी भविष्यकाळातली) साहसकथा सुचवायची, तर आधी अडतो तो कप्पा; पुस्तकाचा विषय नंतर निघतो. 'मिडल ग्रेड' साधारण ८ ते १२ वयाचे, 'यंग अडल्ट' १२च्या पुढचे. मिडल स्कूलची मुले ११ ते १४ची, म्हणजे या दोन कप्प्यांमधल्या फटीतली. 'मिडल ग्रेड' आणि 'मिडल स्कूल' एकच समजल्याने पालकांची फसगत होते, ती याच फटीत.

ही फट जुनी नाही. १९६७च्या 'द व्हाइट माउंटन्स'मध्ये तीन पायांची अजस्र यंत्रे माणसांवर राज्य करतात आणि चौदाव्या वर्षाच्या सुमारास मुलांच्या कवटीवर धातूची जाळी बसवतात. मग बंडाचा विचारच सुचत नाही. ते पुस्तक कोणत्या कप्प्यात ठेवायचे, यावर तेव्हा कुणाचे डोके दुखल्याचे दिसत नाही. पुढे एका मोठ्या दैनिकाने २००० साली मुलांची खपयादी मोठ्यांच्या यादीतून वेगळी काढली, कारण हॅरी पॉटर नावाच्या जादूगार मुलाने मोठ्यांची यादी अडवून धरली होती. २०१२च्या अखेरीस मुलांच्या यादीचेही मिडल ग्रेड आणि यंग अडल्ट असे दोन तुकडे झाले. तोवर 'द हंगर गेम्स' ही मुलांना एकमेकांना मारायला लावणाऱ्या खेळाची २००८ची कादंबरी पडद्यावर आली होती.

याहून मोठा घोळ वाचनस्तराच्या आकड्याने घातला. अनेक शाळा मुलांना पुस्तके त्यावरून देतात, पण तो मोजतो वाक्याची लांबी आणि शब्द किती प्रचलित आहेत एवढेच. 'द हंगर गेम्स' ८१०, 'द गिव्हर' ७६०. आणि मंदीच्या काळातल्या विस्थापित शेतकरी कुटुंबाची, ठसठशीत प्रौढ कादंबरी 'द ग्रेप्स ऑफ रॅथ' ६८०! म्हणजे आकड्यांच्या हिशेबात ती दोघींहून सोपी. आकड्याला भीती मोजता येत नाही, हे ग्रंथपाल पहिल्यापासून सांगत आले. पण तक्त्यात भरायला आकडाच सोयीचा.

भीतीचे खरे भांडण झाले ते 'द गिव्हर'वरून. १९९३चे पुस्तक, दुसऱ्या वर्षी अमेरिकेतले बालसाहित्याचे मानाचे पदक, आणि नव्वदच्या दशकात ग्रंथालयांतून काढा म्हणून सर्वाधिक आक्षेप आलेल्या पुस्तकांतही नाव. नायक बारा वर्षांचा. रक्तपात जवळपास नाही. समाज शिस्तीचा, सभ्य. आणि नको असलेल्यांना 'मुक्त' करतात. हा शब्द कशावर पांघरूण घालतो ते कळते त्या पानावर मोठ्यांच्याही पोटात गोळा येतो. त्यामानाने 'द हंगर गेम्स'मधली मारामारी मला सरळ वाटते : तिथे शत्रू दिसतो. तरी २०१० आणि २०११च्या आक्षेपांच्या पहिल्या दहांत तीच कादंबरी, २०१०मध्ये तर 'वयाला अयोग्य' या शेऱ्यासह.

या गदारोळात 'द सिटी ऑफ एम्बर' (२००३) मागे पडले. जमिनीखालचे शहर, संपत आलेले दिव्यांचे गोळे, वारंवार जाणारी वीज आणि बाहेर पडायच्या सूचनांचा फाटका कागद. अंधाराची धास्ती पुरेपूर, पण मुलांनी मुलांना मारणे नाही. सहावीतल्या वाचकाला मी आधी हेच देईन, 'द गिव्हर' सातवीत.

मार्च २०२५मध्ये 'हंगर गेम्स' मालिकेचे नवे पुस्तक आले. त्यातल्या पन्नासाव्या खेळात मैदानात उतरवलेली मुले नेहमीच्या दुप्पट, ४८. वयोगट १२ ते १८. कप्पा अजूनही यंग अडल्टचाच.