शाळेतले झगडे: पंच की मध्यस्थ?

नागपुरात शाळा जूनअखेरीस उघडतात, तेव्हाही उकाडा सरलेला नसतो. वर्गातला पहिला झगडा बहुधा पंख्याखालच्या बाकावरून होतो. ‘सर, पहिले त्यानंच मारलं!’ पूर्वी यावर छडी हे उत्तर होतं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं १ एप्रिल २०१० पासून मारणं आणि मानसिक छळ, दोन्हींवर बंदी आली. ते योग्यच झालं, पण छडीच्या जागी काय करायचं, हे बहुतेक शिक्षकांना शिकवलंच गेलं नाही.

मुलांचे वाद मुलांनीच मिटवण्याची पद्धत अमेरिकेतली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोत मोहल्ल्यातले तंटे सोडवण्याची रीत शाळांत आणली गेली. आपल्याकडे २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यानं शांततेसाठी शिक्षणाला जागा दिली. वेगळा विषय न करता ते सगळ्या विषयांत मुरावं, अशी भूमिका होती.

घोळ झाला तो शब्दाचा. १५ ऑगस्ट २००७ ला राज्यात तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि तंटा मिटवणारी समिती गावोगाव ओळखीची झाली. तिचं काम समेट घडवण्याचं, तरी मुलांच्या डोळ्यांपुढे येतात ती निवाडा देणारी मोठी माणसं. म्हणून शाळेत असं काही सुरू करायचं म्हटलं की ‘बालपंच’ हे नाव आधी सुचतं, आणि पंच म्हणून वर्गाचा मॉनिटरच नेमला जातो. माझ्या मते सगळं इथेच बिघडतं. पंच चूक कुणाची ते ठरवतो. मध्यस्थ ठरवत नाही. २०२३ च्या मध्यस्थी कायद्यातही त्याला तोडगा लादायचा अधिकार नाही. तो एकाला बोलू देतो, दुसऱ्याला गप्प ऐकायला लावतो, मग ऐकलेलं त्याच्याच तोंडून वदवून घेतो. बाकाचा तोडगा दोघं मिळून काढतात: ‘सोमवार ते बुधवार तू, पुढचे तीन दिवस मी.’ वहीच्या पानावर दोघांच्या सह्या. रोज नावं लिहून सरांना देणाऱ्या मॉनिटरपुढे मुलं इतकं मोकळं बोलत नाहीत.

तंटामुक्त गावांना पुरस्कार मिळत. तोच मोह शाळेला झाला, तर ‘आमच्याकडे झगडेच नाहीत’ असं लिहिलं जाईल आणि मार खाणारं पोर गप्प बसेल. लैंगिक छळाची गोष्ट तर मुलांच्या मध्यस्थीत येताच कामा नये. २०१२ च्या पोक्सो कायद्यानं ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे.