आक्रमक कुत्रा : पट्टा, दोरी आणि प्रशिक्षण

माणसांवर किंवा इतर कुत्र्यांवर गुरगुरणाऱ्या, अंगावर धावून जाणाऱ्या किंवा चावणाऱ्या कुत्र्याला वळण लावताना गळ्यातला पट्टा आणि हातातली दोरी यांचा त्याच्या वागण्यावर होणारा परिणाम. दोरी कुत्र्याला आवरते आणि समोरच्याचे रक्षण करते, तेवढेच तिचे काम. शिकवण्याचे कामही तिच्यावर सोपवले, म्हणजे हिसके देऊन कुत्रा सुधारेल अशी आशा धरली, की आक्रमकपणा बहुधा वाढतो.

कुत्र्याच्या आक्रमकपणामागे पुष्कळदा भीती असते. मोकळा कुत्रा घाबरला तर बाजूला निघून जातो. दोरीने ती वाट बंद होते आणि समोरच्याला पळवून लावणे एवढेच त्याच्या हाती उरते. तो भुंकतो, समोरचा कुत्रा आपल्या वाटेने निघून जातो, आणि भुंकण्याचा उपयोग झाला असा त्याचा समज पक्का होतो. काही कुत्रे घरी किंवा मैदानात मोकळे असताना अगदी शांत असतात आणि फक्त दोरीवर चवताळतात, त्याचे हे एक कारण. दुसरे कारण अंगाच्या ठेवणीत आहे. कुत्रे एकमेकांना भेटताना सहसा वळसा घेऊन, बाजूने येतात. ताणलेली दोरी त्यांना समोरासमोर आणते, पुढचे अंग उचलते, छाती पुढे काढते. समोरच्या कुत्र्याला हे आव्हान वाटते.

नाशिकमध्ये गंगापूर रोडवर किंवा गोदावरीकाठी सकाळी कुत्रे फिरवणाऱ्यांच्या हाताकडे पाहिले तर हा प्रकार उमगतो. लांबून दुसरा कुत्रा दिसला की मालक नकळत दोरीचा एक वेढा तळहाताला घेतो, कोपर अंगाशी ओढतो, श्वास रोखतो. त्याच्या कुत्र्याने अजून काही पाहिलेलेही नसते. गळ्यावरचा ताण मात्र त्याला लगेच जाणवतो. उघडे तोंड मिटते, कान पुढे येतात, मानेवरचे केस उभे राहतात. रोज असे घडत गेले की गळा आवळला म्हणजे धोका जवळ आला, हे नाते त्याच्या मनात बसते. पावलोव्हच्या कुत्र्यांच्या तोंडाला घंटेसरशी पाणी सुटे, त्यातलेच हे तत्त्व. म्हणून अशा कुत्र्याच्या प्रशिक्षणात पहिला धडा मालकाच्या हाताला द्यावा लागतो.

साधनांपैकी गळा आवळणारी साखळी म्हणजे चोक चेन, आतल्या बाजूला दाते असलेली काटेरी कॉलर आणि विजेचा झटका देणारी कॉलर ही तिन्ही वेदनेवर चालतात. वेदनेने कुत्रा त्या क्षणी गप्प बसतो, त्यामुळे उपाय लागू पडल्यासारखा वाटतो. पण दुसरा कुत्रा दिसला की दुखते, हेही तो शिकतो आणि त्या कुत्र्याविषयीची चीड वाढते. आणखी वाईट म्हणजे गुरगुरण्याबद्दल शिक्षा झाली तर तो गुरगुरणे सोडतो, चावणे सोडत नाही. आधी मिळणारा इशारा तेवढा नाहीसा होतो. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातील पशुवैद्यकांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत कुत्र्याला उताणे पाडून दाबून धरणाऱ्या मालकांपैकी ३१ टक्क्यांनी, त्यावर कुत्रा उलटल्याचे सांगितले होते. वेल्सने २०१० मध्ये विजेच्या कॉलरवर बंदी घातली. निफाड, सिन्नरसारख्या बिबट्याच्या टापूत उपयोगी पडेल असा खिळ्यांचा पट्टा वेगळा. त्याचे खिळे बाहेर वळलेले असतात आणि ते कुत्र्याची मान वाचवतात.

साधा रुंद पट्टा ओळखपत्र आणि परवान्याचा बिल्ला अडकवायला चांगला. तो आणि मान यांच्यामध्ये दोन बोटे जावीत. मात्र ओढणाऱ्या कुत्र्याच्या श्वासनलिकेवर त्याने दाब येतो, डोळ्यांतला दाबही वाढतो. छातीवर पुढे कडी असलेला हार्नेस, म्हणजे गळ्याऐवजी छाती-खांद्यांभोवती बसणारा पट्टा, अशा कुत्र्याला जास्त सोयीचा, कारण ओढले की अंग आपोआप मालकाकडे वळते. दोरी चार ते सहा फुटांची, न ताणणारी असावी. डबीतून सुटणारी स्प्रिंगची दोरी सतत ताण ठेवते आणि ओढायलाच शिकवते. आक्रमक कुत्र्यासाठी ती वापरूच नये.

दोरी सैल राहील एवढे अंतर मिळवणे हा प्रशिक्षणाचा गाभा आहे. समोरचा कुत्रा दिसतो, पण आपला अजून खाऊ घेतो आणि हाकेला मान वळवतो, तिथे थांबायचे. कुत्रा दिसला की लगेच उकडलेल्या चिकनचा किंवा पनीरचा तुकडा, तो दिसेनासा झाला की खाऊ बंद. दिवस, आठवडे जातील तसे अंतर थोडे थोडे कमी करायचे. खाऊ नाकारला तर आपण फार जवळ आलो असे समजून वळून परत जायचे. पंचवटीतल्या बोळांत, जिथे मोकाट कुत्री वळणावरच भेटतात, हे जमत नाही. तिथल्या माणसाने पहाटेची वेळ गाठावी किंवा गाडीतून मोकळ्या मैदानावर जावे.

मळ्यातल्या आणि द्राक्षबागेतल्या राखणीच्या कुत्र्याची गोष्ट वेगळी. दिवसभर आखूड साखळीवर असलेला कुत्रा साखळीच्या टोकापर्यंत धावतो, हिसका बसतो, आणि येणारा प्रत्येक माणूस त्या हिसक्याशी जोडला जातो. राखण चांगली होते असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात तो गडी, पाहुणा आणि लहान मूल यांत फरक करीत नाही, आणि रात्री बिबट्या आला तर त्याला पळताही येत नाही. फार काळ आखूड किंवा जड साखळीला बांधणे आणि नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवण्यात हयगय करणे हे प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या अधिनियमाच्या कलम ११ नुसार गुन्हे आहेत. कुंपणाचे आवार आणि दोन वेळचा फेरफटका हा त्यावरचा उपाय.

चावण्याचा इतिहास असलेल्या कुत्र्याला बाहेर नेताना मुसके घालावे. तोंड आवळणारे कापडी मुसके नाशिकच्या उन्हाळ्यात धोक्याचे, कारण कुत्रा धापा टाकूनच अंग थंड करतो. जाळीचे, टोपलीसारखे मुसके घ्यावे. त्यात तोंड उघडता येते आणि पाणीही पिता येते. आत दही लावून कुत्र्याला स्वतःहून नाक घालू द्यावे, मुसक्याची पट्टी सुरुवातीचे बरेच दिवस बांधूच नये. शांत कुत्रा अचानक चिडका झाला असेल तर प्रशिक्षकाआधी पशुवैद्याकडे न्यावे. कानाचे, दाताचे, सांध्याचे दुखणे आणि रेबीज यांचा विचार पहिल्यांदा व्हायला हवा.