जॅकेट नंतर, आधी बनियन: बर्फातल्या पोशाखाची पार्श्वभूमी

गुलमर्गला स्कीइंगला जायचं ठरलं की कोल्हापुरात पहिली खरेदी होते ती जाडजूड जॅकेटची. आपली थंडी म्हणजे पहाटे मफलर गुंडाळून रंकाळ्यावर चक्कर मारण्याएवढी. त्यामुळं बर्फ म्हटलं की जेवढं जाड तेवढं बरं, असा सरळ हिशेब. पण क्रॉस-कंट्री स्कीइंग म्हणजे वर जाऊन नुसतं खाली घसरणं नव्हे. सपाटीवर, चढावर हातापायांनी रेटत जायचं. माणूस आधी घामानं भिजतो आणि थांबला की त्याच घामानं गारठतो.

1888 मध्ये नॉर्वेचा शोधप्रवासी फ्रिट्यॉफ नान्सेन पाच साथीदारांसह स्कीवरून ग्रीनलंड पार करून गेला. अंगावर लोकर, वाऱ्यासाठी वरून पातळ कापड. लोकर भिजली तरी सगळी ऊब सोडत नाही, हे पट्टणकोडोलीच्या यात्रेतल्या धनगराला सांगायला नको. भिजलेलं घोंगडं जड होतं, टोचतं, मेंढरासारखा वास मारतं, तरी आत माणूस तग धरतो. सुती कापडाचं तसं नाही. इचलकरंजीचं कापड उन्हाळ्यात कितीही लाडकं असो, बर्फात ते घाम पिऊन अंगाला चिकटून बसतं.

मला सगळ्यात आवडते ती जाळीच्या बनियनची गोष्ट. 1933 च्या सुमारास हेन्रिक ब्रुन या नॉर्वेच्या लष्करी अधिकाऱ्यानं मासेमारीच्या जाळ्यापासून बनियन करवून घेतलं. नुसत्या भोकांचं बनियन थंडीत काय कामाचं? तर त्यावर लोकरीचा थर चढवला की भोकांतली हवा कोंडून ऊब धरते, आणि घामालाही बाहेर पडायला वाट मिळते. आपल्याकडं तसलं बनियन म्हातारी माणसं उकाड्यात घालतात!

पुढं 1976 मध्ये गोअर-टेक्स, म्हणजे पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड, बाजारात आलं, 1979 मध्ये फ्लीस हे मऊ, उबदार कृत्रिम कापड. कापडं बदलली, पण घाम ओढणारा, ऊब धरणारा आणि वारा अडवणारा हे तीन थर तेच राहिले.

पाठीवरच्या बॅगेची कथा वेगळी. 1206 मध्ये नॉर्वेतल्या यादवी युद्धात बिर्केबाइनर गटाच्या योद्ध्यांनी राजपुत्र हाकोन या तान्ह्या पोराला स्कीवरून डोंगरापार नेलं. त्या आठवणीत 1932 पासून नॉर्वेत स्कीची शर्यत होते आणि प्रत्येक स्पर्धक साडेतीन किलोची बॅग घेऊन पळतो. बाळाचं वजन म्हणून! बॅगेत काय हवं याची सक्त शिकवण मात्र 1967 च्या ईस्टरनं दिली. त्या सुट्टीत नॉर्वेच्या डोंगरांत अठरा जण दगावले. त्यानंतर डोंगरातले नियम घरोघरी पोचले, अगदी क्विक लुन्श या चॉकलेटच्या वेष्टनाच्या आतल्या बाजूवरसुद्धा छापले गेले. जाताना वाट कुणाला तरी सांगून जा. अडचणीत स्वतःला आणि दुसऱ्याला सावरता येईल एवढं सामान घ्या. वेळेत परत फिरा, त्यात लाज नाही. भर पावसात पन्हाळा-पावनखिंड चाललेल्या कुणालाही हे लगेच पटेल.

आपल्या भागात ही विद्या पुस्तकापेक्षा फौजींकडून जास्त आली असावी. लष्कराची स्की शाळा गुलमर्गला 1948 मध्येच सुरू झाली, आणि सैनिक टाकळीसारख्या गावांतून फौजेत जाणाऱ्यांची कमी कधीच नव्हती. माझ्या ओळखीच्या एका निवृत्त सुभेदारांना मी मोठ्या हौसेनं नवं जॅकेट दाखवलं. त्यांनी त्याकडं पाहिलंही नाही. "मोजं किती जोड घेतलास?" एवढंच विचारलं. मी म्हटलं, दोन. "आणि भिजल्यावर?"