मणी गोड, वाइन राखेच्या चवीची

ऑगस्ट २०२० मध्ये विजा पडून उत्तर कॅलिफोर्नियात वणवे पेटले आणि सप्टेंबरच्या अखेरीस नापा खोऱ्यात ‘ग्लास फायर’ नावाचा वणवा भडकला. ज्या बागांना आगीची झळही लागली नाही, अशा कितीतरी बागांतली द्राक्षं त्या हंगामात वेलीवरच राहिली. घड भरलेले होते, गोडी उतरलेली होती, तरी धूर लागला असेल या भीतीने वायनरीवाले माल घ्यायला कचरत होते. तपासून घ्यावं तर प्रयोगशाळांत नमुन्यांचा ढीग साचलेला आणि अहवाल काही आठवड्यांनी मिळणार. पिकलेलं द्राक्ष तेवढं थांबत नाही.

मणी गोड लागतो, मग वाइन का बिघडते? लाकूड जळताना त्यातलं लिग्निन (लाकडाला कठीणपणा देणारा घटक) फुटतं आणि ग्वायकॉल, क्रेसॉल यांसारखी फिनॉल गटातली वासाची संयुगं धुराबरोबर पसरतात. ताज्या धुरात ती सर्वाधिक असतात. सालीतून ती मण्यात शिरतात आणि मण्यात पाणी उतरल्यापासून काढणीपर्यंतचा काळ त्या दृष्टीने फार नाजूक. आत शिरलेल्या या संयुगांना वेल मोकळं ठेवत नाही. त्यांना साखरेचे रेणू जोडून टाकते. साखर जोडली की ती हवेत उडत नाहीत, त्यामुळे त्यांचा वासही येत नाही. म्हणून बागेत मणी चाखून भरवशाने काही सांगता येत नाही, आणि घड धुऊनही उपयोग होत नाही.

पुढे रस आंबताना आणि वाइन मुरताना यातले काही बंध सुटतात. उरलेल्यांपैकी काही थेट पिणाऱ्याच्या तोंडात सुटतात, लाळेमुळे आणि तोंडातल्या जीवाणूंमुळे! घोट गिळून झाल्यावर विझलेल्या सिगारेटींच्या राखेसारखी चव मागे रेंगाळते. या सगळ्या विषयात मला हेच सर्वांत विलक्षण वाटतं. काहींना ही चव लगेच जाणवते, काहींना जाणवतच नाही. रेड वाइन सालीसकट आंबवतात, म्हणून तिला धोका अधिक.

ऑस्ट्रेलियात २००३ च्या वणव्यांनंतर अॅडलेडच्या ऑस्ट्रेलियन वाइन रिसर्च इन्स्टिट्यूटने हा प्रश्न हाती घेतला. अमेरिकेत २०२१ मध्ये तिथल्या कृषी खात्याने ओरेगन स्टेट, वॉशिंग्टन स्टेट आणि डेव्हिसचं कॅलिफोर्निया विद्यापीठ यांना मिळून सुमारे ७६.५ लाख डॉलर दिले. हा पैसा सरकारनेच घालायला हवा होता, असं माझं स्पष्ट मत आहे. वेलींच्या ओळी झाकून त्यांत मुद्दाम धूर सोडायचा, त्याच द्राक्षांची वाइन करायची, ती चाखायची आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं, हे एकट्या बागायतदाराला झेपणारं नाही. शिवाय शिराझसारख्या वाणात ग्वायकॉल मुळातच थोडं असतं, आणि आतून भाजलेल्या ओकच्या पिंपातूनही ते वाइनमध्ये उतरतं. त्यामुळे नुसता आकडा हाती येऊन भागत नाही. धूर लागला नसता तर त्या वाणात ते किती असतं, याची नोंद आधीपासून हवी.

त्यातून नवं काही निघालंही. फिनॉलचं प्रमाण मोजूनही राखेच्या चवीचा हिशेब नीट लागत नव्हता. २०२३ मध्ये ओरेगन स्टेटच्या संशोधकांनी धूर लागलेल्या वाइनमध्ये थायोफिनॉल हा गंधकयुक्त संयुगांचा गट दाखवून दिला. फिनॉल आणि थायोफिनॉल एकत्र आले की ती राखेची चव उमटते. याच विद्यापीठात सेल्युलोजच्या अतिसूक्ष्म तंतूंचा लेप घडांवर फवारून धूर बाहेरच अडवण्याचे प्रयोगही चालू आहेत.

तोवर बागायतदाराच्या हातात एक साधा उपाय आहे. काढणीआधी बागेतून ठिकठिकाणचे घड तोडून बादलीभर वाइन करून पाहायची. यीस्ट काही बंध सोडवतं, त्यामुळे मण्यात न कळलेला धूर इथे कळण्याची शक्यता बरीच वाढते. ती वाइन चार-पाच जणांना चाखायला द्यावी आणि नमुना प्रयोगशाळेतही पाठवावा, कारण चाखणारा एकटाच असेल आणि त्यालाच ही चव जाणवत नसेल, तर सगळा खटाटोप फुकट जातो.